तौनोचा वाटा

शेडच्या टेबलावर मूसच्या मांसाचे सात ढीग,
आणि भिंतीकडे तोंड करून उभा एस्को.
आमच्या कायनूतली जुनी रीत:
कुणीतरी ढिगावर काठी टेकवून विचारतं, "हा कुणाचा?"
आणि भिंतीकडच्यानं न बघता नाव घ्यायचं.
पाठीला डोळे नसतात, म्हणून भांडणं होत नाहीत.

चौथ्या ढिगाला तो म्हणाला, "तौनोचा."

शेडमध्ये कुणी खाकरलंसुद्धा नाही.
मार्चमध्ये तौनोसाठी गोठलेली माती फोडताना
पहार एस्कोच्याच हातात होती.
मी पिशवीचं तोंड उघडं धरलं.
अकरा किलो भरलं.

ये याल्मारी, बाह्या वर कर.
आधी शिरा. हा रुपेरी पापुद्रा नखानं उचल,
सुरी खालून सरकव, ओढू नको.
पात्याला जे कापता येत नाही
ते आधीच हातानं सोडवून घ्यायचं.
मग तुकडे बाहेर पायरीवर ठेव,
कडा कडक होईपर्यंत, आत जरा नरम असू दे.
मांस ऊबलं की कापलं जात नाही, नुसतं माखतं,
चाळणीतून लापशीसारखं लोंबतं.
आणि पाचाला एक डुकराची चरबी.
रानात पळणाऱ्याच्या अंगावर ती कुठून असणार?

आता मळसूत्र. त्यावर पातं,
सपाट बाजू चाळणीकडे.
लग्नाच्या पहिल्या वर्षी मी उलटं बसवलं होतं,
तासभर फिरवून मूठभर चिखल.
तुझा आजोबा हसला नाही.
पातं काढलं, फिरवून लावलं,
आणि जाऊन कॉफी ठेवली.

हे पातं आणि ही चाळणी एकमेकांवर झिजलेली आहेत.
उसनी द्यायचीच झाली तर दोन्ही दे,
नाहीतर देऊच नको.

टेबलाच्या कडेला शिकंजाचे हे दोन व्रण दिसतात?
तो डावरा होता, म्हणून यंत्र खिडकीशी.
तू उजवा. तरी इथेच लावू.
मला या बाजूनं भरवायची सवय आहे.

फिरव.
घाई नको.
दांडा जड झाला की रेटायचं नाही, उघडून बघायचं,
मोटरच्या यंत्राला एवढंच कळत नाही,
म्हणून तर ते घरात आलं नाही.

थांब. ऐकलंस?
खट्ट झालं. उघड.
बघ, तांब्याचा कण, बडीशेपेएवढा.
एस्कोच्या गोळीचा असणार.
पूर्वी तो फासळीमागे एकच भोक पाडायचा,
आता त्याचा हात हलतो.
डोळेही गेलेत म्हणतात, आणि विसरतोही बरंच.
त्या दिवशी तो विसरला की विसरला नाही,
मी विचारलेलं नाही.
खिडकीतल्या बरणीत टाक. तिथे आणखी नऊ आहेत.

सगळ्यात शेवटी राईच्या पावाचा वाळका तुकडा घाल,
आत अडून बसलेलं तो पुढे ढकलत नेतो.
मग गरम पाणी, साबण, बाटलीचा ब्रश.
भिजत ठेवायचं नाही.
भांड्यांच्या मशीनमध्ये तर मुळीच नाही,
तुझ्या आईनं एकदा घातलं होतं,
राखाडी होऊन निघालं, बोटांना शाई लागावी तसं.
मी तिला काही बोलले नाही. तौनो बोलला.

चुलीशी वाळव, भोकन् भोक.
तेलाचं बोट फिरव, पातळ,
जशी आजारी माणसाच्या ओठांना लावतात.
पातं फडक्यात गुंडाळ, सोबत मूठभर कोरडे तांदूळ,
गंज आधी हवेतली ओल शोधत येतो.

पुडक्यांवर पेन्सिलीनं वर्ष लिही.
मादी होती, तेही लिही.
नाव नको.

आणि हे एक पुडकं एस्कोकडे नेऊन दे.
आत बस, पायमोजे काढ, तो कॉफी देईल ती घे.
आपणहून काही सांगायला जाऊ नको.
विचारलंच त्यानं,
तर म्हण, यंत्र चालतंय.